झोपेतला श्वास आणि कॉलिन सलिव्हन यांचं संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत नाकावाटे सतत किंचित दाबाने हवा देणारं यंत्र, आलं की पाहुण्यांसमोर ते उशीच्या अभ्र्याखाली लपवलं जातं, आणि पाहुणे गेले की प्रश्न सुरू होतात. मी बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. आता आमच्या दादाच्या उशाशीच ते मशीन असतं, त्यामुळे वर्गातले प्रश्न जेवणाच्या टेबलावर आले आहेत. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. हे पान उपचारांच्या सल्ल्यासाठी नाही, त्यासाठी डॉक्टरांकडेच जावं. मशीनमागे जे शास्त्र आहे ते फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हा खटाटोप.

हे कॉलिन सलिव्हन कोण?

ऑस्ट्रेलियातले वैद्यक संशोधक, सिडनी विद्यापीठातले प्राध्यापक. तिथल्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात त्यांनी काम केलं. झोपेत घसा बंद पडून श्वास अडणाऱ्या माणसाला नाकावाटे किंचित दाबाने हवा दिली तर श्वास मोकळा होतो, हे त्यांनी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १८ एप्रिल १९८१ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. ‘सीपॅपचा जनक’ म्हणून त्यांची ओळख करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण त्यामुळे ते कुणी यंत्रं बनवणारे गृहस्थ असावेत असं वाटतं. त्यांचा मूळ विषय होता झोपेत श्वासावर ताबा कुणाचा असतो हा. त्या विषयातला एक वाद मिटवण्याच्या नादात मशीन हाती लागलं, असं मला वाटतं. पुढच्या उत्तरांत ते का, हे येईलच.

श्वास झोपेत आपोआप चालतोच. मग त्यात संशोधन करण्यासारखं काय?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. कारण आपली समजूत अशी असते की झोपेत सगळं शरीर विश्रांती घेतं आणि श्वास तेवढा शांतपणे आपलं काम करत राहतो. प्रत्यक्षात झोप लागली की श्वासाचा एक मोठा आधार निघून जातो.

जागेपणी श्वासाला दोन बाजूंनी रेटा असतो. एक रासायनिक : रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छातल्या केंद्रांना कळतं आणि ती श्वास वाढवतात. दुसरा रेटा नुसत्या जागं असण्याचा. आवाज, उजेड, बोलणं, विचार यांनी जागा राहिलेला मेंदू श्वासाच्या केंद्रांनाही ढोसत राहतो. झोप लागताच हा दुसरा रेटा संपतो. श्वास थोडा उथळ होतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड, जो जागेपणी पाऱ्याच्या साधारण ४० मिलिमीटर दाबाच्या आसपास असतो, तो २ ते ८ मिलिमीटरने वर चढतो. निरोगी माणसातसुद्धा.

आता गंमत पाहा. जागेपणी जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बराच खाली आणला, तरी आपला श्वास सहसा चालू राहतो. गाढ झोपेत मात्र तो थोडासाच खाली आला की श्वास थांबतो आणि वायू पुन्हा साठेपर्यंत थांबून राहतो. म्हणजे झोपेत सगळी भिस्त एकट्या रासायनिक रेट्यावर असते.

हा रेटाच जन्मतः अधू असेल तर? अशी बाळं असतात. जागेपणी ती व्यवस्थित श्वास घेतात, झोपली की श्वास मंदावतो किंवा थांबतो. एका जनुकातल्या बिघाडामुळे हे होतं, हे २००३ मध्ये समजलं. अशा मुलांना रोज रात्री कृत्रिम श्वास द्यावा लागतो. या मुलांकडे पाहिलं की ‘आपोआप’ हा शब्द आपण किती सैल वापरतो ते कळतं.

आणि स्वप्नं पडत असताना?

रेम झोपेत, म्हणजे जिच्यात डोळे पापणीखाली भिरभिरतात आणि स्वप्नं पडतात त्या झोपेत, अंगातले बहुतेक स्नायू लुळे पडतात. नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरंच उठून पळत सुटला असता. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, आणि डोळ्यांचे स्नायू यांना सूट असते. बरगड्यांमधले स्नायू ढिले पडतात, घशाचे ढिले पडतात, आणि श्वासाचा बहुतेक भार एकट्या श्वासपटलावर येतो. श्वासही लयीत राहत नाही. कधी भराभर, कधी मध्येच अडखळत. ज्यांचा घसा झोपेत मिटतो त्यांचे लांब आणि घातक अडथळे पुष्कळदा याच झोपेत सापडतात. पहाटे रेम झोप जास्त असते, म्हणून ‘रात्रभर ठीक होते, पहाटे घुसमटले’ ही घरच्यांची तक्रार अगदी खरी असू शकते.

सलिव्हन यांनी सुरुवात कुत्र्यांपासून केली, हे खरं का?

हो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते कॅनडात, टोरांटो विद्यापीठात, इलियट फिलिपसन यांच्याकडे गेले. फिलिपसन यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांना प्रयोगशाळेतच स्वस्थ झोपायची सवय लावलेली असे. भूल द्यायची नाही, खरीखुरी झोप. भुलेतला श्वास आणि झोपेतला श्वास यांत फार फरक असतो, म्हणून हा हट्ट. झोप कुठल्या टप्प्यात आहे हे मेंदूच्या लहरींवरून पाहायचं आणि त्या त्या टप्प्यात श्वासाला एखादा धक्का द्यायचा : थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड, थोडा कमी ऑक्सिजन, फुप्फुसं जरा फुगवणं.

१९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग मी वर्गात नेहमी सांगत असे. झोपलेल्या कुत्र्याच्या स्वरयंत्रावर पाण्याचे थेंब सोडले तर काय होईल? ठसका लागेल, असं वर्गातली सगळी मुलं म्हणायची. पण झोपेत ठसका लागला नाही. कुत्रा आधी जागा व्हायचा आणि मग खोकायचा. जागा झाला नाही, तर खोकण्याऐवजी त्याचा श्वासच थांबायचा. रेम झोपेत तर त्याला जागं करायला जास्त पाणी लागायचं.

म्हणजे खोकला ही जागेपणाची सोय आहे. झोपेत घशात काही गेलं तर शरीराकडे उपाय एकच : आधी जागं करणं. पाळण्यात शांत झोपलेली बाळं अचानक का दगावतात, हा प्रश्न त्या काळी अनेक संशोधकांना छळत होता आणि सलिव्हन त्यांच्यापैकी एक होते. झोपेतून जागं होता येणं ही श्वासाची शेवटची राखण आहे, ही गोष्ट त्या काळात अशा प्रयोगांतून ठळक होत गेली.

याच कामात त्यांनी कुत्र्याच्या निमुळत्या तोंडावर घट्ट बसेल असा मास्क तयार केला होता. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घसा बंद होतो म्हणजे नेमकं काय होतं?

श्वासनलिकेला कुर्च्यांच्या कड्या असतात. ती पाण्याच्या पाइपसारखी उघडी राहते. नाकाला हाडांचा आधार आहे. या दोहोंच्या मध्ये मात्र, पडजिभेच्या मागून जिभेच्या मुळापर्यंत, एक मऊ भाग आहे. त्याला उघडं ठेवणारं हाड नाही. जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालेसारखं एक छोटं हाड असतं, पण माणसात ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला सांध्याने जोडलेलं नाही. स्नायूंनी आणि बंधांनी तोलून धरलेलं असतं. हा भाग असा लवचीक आहे म्हणून आपण गिळू शकतो, बोलू शकतो, गाऊ शकतो. त्याची किंमत झोपेत मोजावी लागते.

श्वास आत घेताना घशात चोखण्याचा दाब तयार होतो. उसाच्या रसाच्या ग्लासात कागदाची नळी घालून जोरात ओढलं की ती मधोमध चपटते, तसं. जागेपणी जीभ पुढे ओढणारा स्नायू प्रत्येक श्वासाला वेळेवर ताठ होतो आणि नळी चपटू देत नाही. झोपेत तो सैलावतो. घसा मुळात रुंद असेल तर काही बिघडत नाही. अरुंद असेल तर भिंती थरथरतात, हेच घोरणं. आणखी अरुंद असेल तर भिंती चिकटतात आणि हवा पूर्ण बंद. छाती-पोट श्वासासाठी धडपडत असतात, नाकातून काहीच येत-जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताठ होतो, मोठा फुरफुराट करून श्वास सुटतो, की पुन्हा झोप. पुन्हा तेच. सकाळी यातलं काही आठवत नाही.

जनावरांत हा त्रास क्वचितच दिसतो. ठळक अपवाद इंग्लिश बुलडॉगचा. चपट्या तोंडाची पैदास करता करता माणसाने आपला आजार त्या बिचाऱ्याला दिला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८७ मध्ये तो नोंदवला.

सलिव्हन यांच्या आधी हा आजार माहीतच नव्हता का?

माहीत होता, पण फार थोड्यांना. १९६५ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय इथे आंरी गास्तो आणि सहकाऱ्यांनी, तसंच जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे युंग आणि कूलो यांनी, दिवसा सारखी डुलकी येणाऱ्या स्थूल माणसांचा श्वास रात्री वारंवार थांबतो हे नोंदवलं. त्याआधी समजूत अशी होती की अशा माणसांना श्वास कमी पडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्याची गुंगी येते. खरं कारण मोडलेली झोप होतं. १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्त्यां गिलमिनो आणि सहकाऱ्यांनी स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास थांबणं, हा स्वतंत्र विकार म्हणून मांडला.

उपाय होता, पण तो ऐकून रुग्ण पळून जात. गळ्याला पुढून भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची. दिवसा तिला बूच, रात्री उघडी. अडथळा घशात आहे आणि भोक त्याच्या खाली, त्यामुळे गुण हमखास यायचा. १९६९ पासून हा उपाय वापरात होता. पण बोलण्याचा त्रास, जंतुसंसर्ग, पोहणं बंद. त्यामुळे फक्त जिवावर बेतलेल्यांनाच तो सांगितला जाई.

जून १९८० मधल्या त्या रात्री काय झालं?

सिडनीत परतल्यावर सलिव्हन यांच्याकडे एक बांधकाम मजूर आला. आजार तीव्र. गळ्याला भोक पाडायला हवं असं त्याला सांगितलं होतं आणि त्याने साफ नकार दिला होता. सलिव्हन यांनी विचारलं, एक रात्र प्रयोग करून पाहू का? तो तयार झाला.

नाकपुड्यांत बसतील अशा मऊ नळ्या, त्यांच्याभोवतीच्या फटी बुजवायला काही मिनिटांत घट्ट होणारं वैद्यकीय सिलिकॉन, आणि हवा फुंकणारं यंत्र. माणूस झोपला. घसा बंद पडू लागला. सलिव्हन यांनी दाब हळूहळू वाढवत नेला आणि एका ठिकाणी श्वास मोकळा झाला. दाब कमी केला, घसा बंद. वाढवला, मोकळा. दिव्याचं बटण खाली-वर करावं तसं. पुढे तो माणूस खोल झोपेत गेला आणि रात्रभर झोपला. सकाळी उठला तो टक्क जागा.

बहुतेक जण ही गोष्ट इथवर सांगतात आणि ‘चमत्कार झाला’ म्हणून थांबतात. माझ्या मते खरी मेख त्या बटणात आहे. त्या वेळी वाद चालू होता : घसा कुठले स्नायू आवळल्यामुळे बंद होतो, की आधार नसल्यामुळे आपणहून मिटतो? अमेरिकेत जॉन रेमर्स आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये जिभेच्या स्नायूचे विद्युत संदेश मोजून दाखवलं होतं की घसा मिटतो तेव्हा तो स्नायू सैल असतो आणि उघडतो तेव्हा ताठ. आवळणाऱ्या स्नायूंमुळे घसा बंद होत असता, तर हवेच्या एवढ्याशा दाबाने तो असा सहज उघडला नसता. एक अंश दाब इकडचा तिकडे केला की आजार हजर, आजार गायब. कारणाचा यापेक्षा स्वच्छ पुरावा शरीरशास्त्रात क्वचित मिळतो. उपचार आणि पुरावा एकाच रात्री, एकाच नळीतून आले.

‘लॅन्सेट’मधल्या लेखात पाच रुग्ण होते. दाब लागला ४.५ ते १० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका. पाचही जणांचा घसा रात्रभर उघडा राहिला.

दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे किती?

भांड्यातल्या पाण्यात स्ट्रॉ दहा सेंटिमीटर खोल बुडवा आणि बुडबुडे येईपर्यंत फुंका. तेवढा. वातावरणाच्या दाबाचा जेमतेम शंभरावा भाग.

मशीनमधून ऑक्सिजन येतो ना?

नाही. खोलीतलीच हवा, गाळलेली. हा गैरसमज इतका पक्का आहे की आमच्या शेजारच्या काकू अजून दादाच्या मशीनला ‘सिलिंडर’ म्हणतात. ज्यांना फुप्फुसाचाही आजार असतो त्यांच्या नळीला ऑक्सिजन जोडतात, पण ती वेगळी गोष्ट. नुसता घसा मिटणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांत दोष नसतो. दार बंद आहे, घर चांगलं आहे.

‘हवेची खपची’ असं काही जण म्हणतात ते काय?

मोडलेला हात सरळ राहावा म्हणून बांबूच्या खपच्या बांधत, तसा हवेचा दाब घशाला आतून आधार देतो. सलिव्हन यांच्या पहिल्याच लेखात ही कल्पना आहे. त्यावर शंका घेतली गेली : कदाचित हवेच्या झोतामुळे घशाचे स्नायू चेतवले जात असतील आणि तेच घसा उघडत असतील? नंतर इतरांनी मोजून पाहिलं. मशीन लावल्यावर स्नायूंची हालचाल वाढत नाही, उलट कमी होते. त्यांना इतके दिवस करावी लागणारी जादा मेहनत संपते. तेव्हा खपचीच.

यातून एक व्यवहारातली गोष्ट निघते. खपची काढली की हाताचं जे होईल तेच घशाचं होतं. मशीन लावाल त्या रात्री गुण, नाही लावलं त्या रात्री जवळपास पूर्ववत. आजार ‘बरा’ होत नाही, थोपवला जातो. चष्म्यासारखं.

पहिलं मशीन व्हॅक्यूम क्लीनरपासून केलं होतं, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती, फक्त ओढण्याऐवजी फुंकणारी. आवाज अर्थातच तसाच. मास्कसाठी प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेत, त्यावरून फायबरग्लासचा मास्क घडवत आणि तो रोज रात्री सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवावा लागे. टोरांटोतल्या कुत्र्यांच्या मास्कचा अनुभव इथे कामी आला. रोज रात्री चेहऱ्याला डिंकासारखं काहीतरी फासून, कानाशी घरघर घेऊन झोपायला माणसं तयार झाली, यावरून त्यांचे आधीचे दिवस कसे असतील याचा अंदाज येतो. १९८५ पर्यंत शंभराहून जास्त रुग्ण घरी असं यंत्र वापरत होते.

पुढची कथा धंद्याची आहे, थोडक्यात सांगते. अमेरिकेत रेस्पिरॉनिक्स कंपनीने १९८५ मध्ये बाजारात मशीन आणलं. सिडनीतल्या तंत्रज्ञानावर १९८९ मध्ये पीटर फॅरल यांनी कंपनी उभी केली, तीच आजची रेसमेड.

पण सीपॅप तर नवजात बाळांसाठी आधीपासून होतं. मग सलिव्हन यांचा शोध कसला?

बरोबर मुद्दा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची कोवळी फुप्फुसं मिटू नयेत म्हणून अमेरिकेत जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये असा सततचा दाब वापरून दाखवला होता. तिथे फुप्फुसातले फुगे उघडे ठेवायचे होते. सलिव्हन यांनी तोच दाब घशासाठी, नाकावाटे, जागेपणी ठणठणीत असलेल्या मोठ्या माणसाला झोपेपुरता वापरला. दाब जुना, जागा नवी.

हा आजार आपल्याकडे किती जणांना आहे? हे श्रीमंत देशांचं दुखणं नाही का?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १९९३ साली ३० ते ६० वयाच्या नोकरदार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तासाला पाच किंवा जास्त अडथळे २४ टक्के पुरुषांत आणि ९ टक्के स्त्रियांत आढळले. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये आकडे दिले : १९.५ टक्के जणांत झोपेत श्वास अडतो, आणि अडथळ्यांबरोबर दिवसा झोप येणारे ७.५ टक्के. आपल्याकडे हे नाहीच, हा युक्तिवाद त्या दिवशी संपायला हवा होता. तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले आणि डॉक्टरांनी कारण म्हणून या आजाराचं नाव घेतलं, तेव्हा आमच्याच नात्यातल्या कितीतरी जणांनी ‘स्लीप ॲप्निया’ हे शब्द पहिल्यांदा ऐकले.

मुंबईच्या आकड्यांत स्त्रिया नाहीत. रजोनिवृत्तीनंतर बायकांत हा त्रास वाढतो, पण ‘मला झोप लागत नाही, गळून गेल्यासारखं वाटतं’ अशी तक्रार घेऊन त्या जातात आणि घोरण्याचा उल्लेखही होत नाही. बाई घोरते हे घरात कुणी सांगतही नाही.

बारीक माणसाला होतो का?

होतो. लठ्ठपणा मोठं कारण आहे, एकमेव नव्हे. जबडा मागे असणं, घशाची मूळ ठेवण, लहान मुलांत वाढलेले टॉन्सिल्स हीदेखील कारणं आहेत. आमचा दादा शिडशिडीत आहे, म्हणूनच निदानाला आठ वर्षं लागली.

तपासणीत काय मोजतात?

रात्रभराच्या तपासणीत, म्हणजे स्लीप स्टडीत, मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, नाकातली हवा, छाती-पोटाची हालचाल, ऑक्सिजन आणि नाडी यांची नोंद होते. मोठ्या माणसात किमान दहा सेकंद श्वास थांबला तर तो एक अडथळा. श्वास पूर्ण थांबण्याचे आणि फार उथळ होण्याचे प्रसंग मिळून ताशी सरासरी काढतात, तिला एएचआय म्हणतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. घरी बोटाला आणि नाकाला लावायच्या छोट्या यंत्रावरही आता पुष्कळदा काम भागतं.

डॉक्टर एक आठ प्रश्नांचा कागदही देतात : टीव्ही पाहताना, गाडीत बसल्यावर, दुपारी आडवं झाल्यावर डोळा लागण्याची शक्यता किती? तो मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केला. २४ पैकी १० च्या वर गुण आले तर दखल घ्यावी. दुपारच्या वामकुक्षीला पुण्य मानणाऱ्या आपल्या समाजात त्यातल्या एका प्रश्नाचे पूर्ण गुण जवळपास सगळ्यांनाच मिळतात, ही माझी खासगी तक्रार.

मशीन लावलं की हार्ट ॲटॅकचा धोका टळतो का?

विकणारे असं सांगतात. पुरावा तितका सरळ नाही. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून डग मॅकअव्हॉय यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या, भारतासह अनेक देशांतल्या २,७१७ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०१६ मध्ये आला. सगळ्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. मशीन दिलेल्यांत पुढचे झटके कमी झाले नाहीत. दिवसाची पेंग कमी झाली, मन:स्थिती सुधारली, कामावरच्या रजा घटल्या. टीकाकारांनी लगेच दाखवलं की त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं होतं. अर्धी रात्र खपची बांधून हाड जुळेल का, हा प्रश्न रास्त आहे. पण तो प्रश्न आहे, उत्तर नव्हे. रक्तदाब थोडा उतरतो आणि पेंग जाते, एवढं मात्र पक्कं. गाडी चालवणाऱ्यासाठी पेंग जाणं हीच आयुष्यमान वाढवणारी गोष्ट आहे.

एकदा लावलं की व्यसन लागतं म्हणतात?

व्यसन नाही. चांगली झोप काय असते हे आठवल्यावर वाईट झोप नकोशी होते, एवढंच. पहिले दोन आठवडे मात्र जड जातात. नाक कोरडं पडतं, मास्कच्या कडेने हवा डोळ्यांत जाते, पोटात वारा धरतो. दादाने तिसऱ्या रात्री मशीन कपाटात टाकलं होतं. दुकानदाराने मोठ्या मापाचा मास्क दिला होता; माप बदलल्यावर तक्रार गेली. चालत नाही म्हणून सोडून देण्याआधी मास्क बदलून पाहा.

मशीनशिवाय काही?

वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू सोडणं. खालचा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी सौम्य-मध्यम आजारात चालते. जिभेच्या नसेला झोपेत हलका विद्युत धक्का देणारं, शरीरात बसवायचं यंत्र अमेरिकेत २०१४ मध्ये मान्य झालं. स्थूल रुग्णांसाठी तिर्झेपाटाइड या इंजेक्शनला तिथे डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

आणि हो, फुंकणं. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं डिजेरिडू हे लांब लाकडी वाद्य चार महिने वाजवल्यावर मध्यम त्रास असलेल्यांची पेंग कमी झाली, असं स्वित्झर्लंडमधल्या २५ जणांच्या अभ्यासात २००६ मध्ये दिसलं. २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांत शंख फुंकण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि त्यातही फायदा दिसला. घशाचे स्नायू कमावले की झोपेत ते कमी ढिले पडतात, ही कल्पना शरीरशास्त्राला धरून आहे. पण अभ्यास चिमुकले आहेत. तीव्र आजाराच्या माणसाने देवघरातला शंख उचलून मशीन माळ्यावर टाकू नये.

सलिव्हन यांनी नंतर काय केलं?

बरंच. स्नायूंच्या आजारांत रात्री श्वास अपुरा पडणाऱ्या रुग्णांना नाकावरच्या मास्कमधून पूर्ण कृत्रिम श्वास देता येतो, हे त्यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवलं. गळ्याला भोक न पाडता व्हेंटिलेटर, ही आज साधी वाटणारी गोष्ट तेव्हा साधी नव्हती. गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढलेल्या स्त्रियांचा रक्तदाब झोपेत आणखी चढतो आणि नाकावाटे दिलेल्या दाबाने तो उतरतो, हे २००० मध्ये. लहान मुलांच्या तपासणीसाठी अंगाला एकही तार न लावता श्वास आणि हालचाल टिपणारी चटई त्यांनी विकसित केली. चिमुरड्याला वीस तारा लावून झोपवायचा प्रयत्न ज्यांनी केला आहे त्यांना तिचं मोल कळेल.

अजून न सुटलेला प्रश्न कुठला?

माझ्या मते हा : दोन माणसं घ्या. दोघांचा एएचआय ४०. दोघांचाही श्वास दर दीड मिनिटाला अडतो. एक सिग्नलला गाडी थांबली तरी पेंगतो, दुसरा दिवसभर तरतरीत असतो आणि बायकोने ओढत आणलं नसतं तर दवाखान्यात आलाच नसता. झोप दोघांचीही सारखीच मोडते आहे. मग पेंग एकालाच का? आकडा मोजायला आपण शिकलो, पण मोडलेल्या झोपेची झळ एखाद्या मेंदूला लागते आणि दुसऱ्याला लागत नाही, हे कशावर ठरतं ते अजून हाती आलेलं नाही. आमचा दादा त्या दुसऱ्या प्रकारातला. ‘मला कुठे काय होतंय’ हे तो अजूनही रोज रात्री मास्कचा पट्टा आवळता आवळता म्हणतो.